रात्री काही झालं तर पहिला फोन कोणाला?

पत्र:

ताई, आम्ही नाशिकला पंचवटीत, हिरावाडीत राहतो. सासरे, अण्णा, ७९ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. आता नाकातल्या नळीतून पातळ तेवढं जातं. हॉस्पिटलने ‘घरी न्या, सेवा करा’ म्हणून सोडलं. मिस्टर मस्कतला नोकरीला आहेत. घरात मी, सासूबाई आणि दहावीतली मुलगी. रात्री-बेरात्री काही झालं तर पहिला फोन कोणाला करायचा हेही मला माहीत नाही. दाखला कोण देतं, अमरधामला, म्हणजे स्मशानभूमीत, काय लागतं, मिस्टर येईपर्यंत थांबता येईल का? चुलत सासरे म्हणतात, अण्णांना निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी हलवा, सगळं तिथेच करू. आणि जिवंत माणसाचं असं आधी विचारणं अभद्र आहे, असंही ते म्हणतात. मला रात्र रात्र झोप लागत नाही.
— एक सून, पंचवटी

उत्तर:

तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. घरात बाळंतपण जवळ आलं की आपण आधीच दवाखान्यात नाव घालतो, रिक्षावाल्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवतो. त्याला कोणी अभद्र म्हणत नाही. तुम्ही तेच करताय. काकांच्या बोलण्यामागे भावाच्या जाण्याची भीती आहे, तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका. पण तयारीही थांबवू नका, कारण त्या रात्री घरात तुम्ही असणार आहात, ते नाहीत.

आज एकच काम होणार असेल तर अण्णांना बघणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. घरी मृत्यू झाला की पुढचं सगळं एका कागदावर अडतं: मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र. दवाखान्यात मृत्यू झाला तर ते नमुना ४ मध्ये दवाखाना भरतो. घरी झाला तर नमुना ४-अ मध्ये, शेवटच्या आजारात ज्यांनी उपचार केले ते डॉक्टर भरतात. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १० नुसार हे प्रमाणपत्र देणं त्या डॉक्टरांवर बंधनकारक आहे आणि त्याची फी घेता येत नाही. घरी येण्याची व्हिजिट फी वेगळी, ती द्यावी. हाच कागद अमरधामात दाखवावा लागतो आणि नोंदणीलाही हाच लागतो.

अडचण अशी होते की हॉस्पिटलमधून सुटी मिळाल्यावर पेशंट कोणाच्याच हाताखाली राहत नाही. हॉस्पिटलच्या दृष्टीने तो घरी गेला, आणि गल्लीतल्या डॉक्टरांनी त्याला पाहिलेलंच नसतं. मग पहाटे तीन वाजता दार ठोठावलं तर ते सही करायला कचरतात. ते कचरतात ते बरोबरच आहे, न पाहिलेल्या माणसाच्या मृत्यूचं कारण त्यांनी कशाच्या आधारावर लिहायचं? म्हणून याच आठवड्यात जवळच्या एखाद्या डॉक्टरांना घरी बोलवा. एम.बी.बी.एस. किंवा त्यावरच्या पदवीचे असतील तर पुढे कागदावरून वाद होत नाही. त्यांना डिस्चार्ज कार्ड, सी.टी. स्कॅनचा रिपोर्ट, चालू औषधांची चिठ्ठी दाखवा. त्यांनी अण्णांना तपासून केसपेपर करू द्या आणि पुढेही अधूनमधून येऊन जायला सांगा. मग आडपडदा न ठेवता विचारा, ‘डॉक्टर, अण्णा घरीच गेले तर तुम्ही ४-अ चा फॉर्म भरून द्याल ना? रात्री येता येईल का, की सकाळी?’ सकाळी म्हणाले तरी चालेल. ते गावाला गेले असतील तर दुसरं कोण, हेही विचारून नंबर घेऊन ठेवा. हे झालं की तुमची निम्मी काळजी मिटली असं समजा.

एक गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका. अण्णा मध्यंतरी पडले असतील, डोक्याला किंवा खुब्याला मार लागला असेल, तर ते आधीच सांगा. पडण्यामुळे आलेला मृत्यू कागदोपत्री अपघाती धरला जाऊ शकतो आणि त्याची वाट वेगळी असते.

आता त्या रात्रीचं. श्वास थांबला आहे असं वाटलं तर आधी घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. फॉर्ममध्ये ती लागते, आणि दुसऱ्या दिवशी घरातला प्रत्येक जण वेगळी वेळ सांगतो. मग डॉक्टरांना फोन. नंतर मिस्टरांना, आणि शेजारच्या एखाद्या घराला, जिथली माणसं हाक मारली की येतील. व्हॉट्सॲपवर कळवणं सकाळपर्यंत थांबवा. अंत्यविधीची वेळ ठरण्याआधी निरोप गेला की शंभर जणांचे ‘कधी, कुठे’ म्हणून फोन येतात आणि ते उचलायला तुम्हीच असता.

गेल्याची खात्री असताना घाबरून अण्णांना कुठल्याही हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेऊ नका. तिथे ‘मृतावस्थेत आणले’ अशी नोंद होते. त्या डॉक्टरांनी पेशंटला जिवंत पाहिलेलं नसतं, त्यामुळे ते कारण लिहून देत नाहीत. मग पोलिसांना कळवलं जातं, पंचनामा होतो आणि शवविच्छेदनासाठी देह त्र्यंबक नाक्याच्या सिव्हिलला जाऊ शकतो. अंथरुणाला खिळलेल्या, सगळ्यांना माहीत असलेल्या आजाराच्या माणसाच्या बाबतीत हे टाळता येतं आणि टाळावं. मात्र श्वास चालू आहे की नाही अशी शंका असेल तर १०८ ला फोन करा. ती रुग्णवाहिका रुग्णासाठी असते. देह नेण्यासाठी शववाहिका वेगळी मागवावी लागते.

इतर वाचकांसाठीही सांगते. अपघात, भाजणं, साप चावणं, विषबाधा, आत्महत्या किंवा कसलाही संशय असेल तर पोलिसांना कळवावंच लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली पंचनामा होतो. तिथे ‘कशाला पोलीस’ म्हणत घाईने अग्नी देणं घरच्यांच्याच अंगाशी येतं, विम्याचा दावाही त्यावर अडतो.

डॉक्टर येईपर्यंत काय करायचं हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. डोळे हलक्या हाताने मिटवा. हनुवटीखालून मऊ ओढणी किंवा पंचा नेऊन डोक्यावर सैल गाठ मारा, म्हणजे तोंड उघडं राहत नाही. हातपाय सरळ करा. हे सगळं पहिल्या दोन-तीन तासांतच करावं लागतं, नंतर शरीर ताठ होत जातं. नाकातली नळी आणि लघवीची पिशवी तशीच राहू द्या, स्वतः ओढू नका. लघवीच्या नळीच्या टोकाला आत पाण्याचा फुगा असतो, तो आधी रिकामा करावा लागतो. डॉक्टर किंवा ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टर ते काढतील. अंगठी, साखळी काढून सासूबाईंच्या हातात द्या आणि त्या वेळी तिथे आणखी एक माणूस असू द्या. अण्णांना पेसमेकर असेल तर तो डॉक्टरांकडून काढून घेतल्याशिवाय दहन करू नये, उष्णतेने त्याचा स्फोट होतो. अंगाखाली जुनी चादर दुहेरी करून घाला आणि खोलीत ए.सी. असेल तर लावा. मुलीला कुठे ठेवायचं हेही आत्ताच ठरवा. दहावीतली मुलगी लहान नाही. आजोबांजवळ बसायचं म्हणाली तर बसू द्या.

अण्णांनी कधी नेत्रदानाचं बोलून दाखवलं असेल तर साधारण सहा तासांच्या आत नेत्रपेढीचं पथक यावं लागतं. तोवर पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी घेऊन ते थोडं वर करायचं आणि पंखा बंद ठेवायचा. पथक घरी येतं, काम थोड्या वेळात होतं आणि अंत्यविधीला उशीर होत नाही.

मिस्टरांसाठी थांबता येईल का? येईल. मस्कतहून मुंबईला थेट विमानं आहेत आणि पुढचा प्रवास गाडीचा. त्यांना आजच सांगा की पासपोर्ट आणि रेसिडेन्सीची मुदत तपासा, कंपनीत तातडीच्या रजेचं आधीच बोलून ठेवा. एका दिवसात पोहोचणार असतील तर फ्रीजरची शवपेटी भाड्याने मिळते, काही मंडळं आणि सामाजिक संस्थाही देतात. ती घरातच ठेवता येते, फक्त विजेचा पॉइंट जवळ हवा आणि जिन्यातून पेटी वर येईल का हे बघून ठेवायला हवं. त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर हॉस्पिटलच्या शवागारात ठेवण्याची सोय विचारावी लागते. पण किती थांबायचं याचा निर्णय सासूबाईंना करू द्या. तुम्ही त्यांना आत्ता, शांतपणे विचारून ठेवा. आलेले नातेवाईक दर तासाला नवा सल्ला देतील, तेव्हा ‘आईंनी असं ठरवलंय’ हे एक वाक्य पुरतं.

ते वेळेत आले नाहीत तर अग्नी सासूबाई, तुम्ही, तुमची मुलगी कोणीही देऊ शकता. पुरुषच हवा असा कुठलाही कायदा नाही. मुलाच्या हातून काही व्हावं ही त्यांची इच्छा असेलच, तर अस्थी थांबू शकतात. अस्थिकलश कापडाने तोंड बांधून आठ दिवस ठेवला तरी काही बिघडत नाही.

पंचवटीत तुम्हाला पंचवटीचं अमरधाम जवळचं. शहरात नाशिक अमरधाम, सिडको, नाशिकरोडला दसक अशी आणखीही आहेत. महापालिकेची मोफत अंत्यसंस्कार योजना वर्षानुवर्षे चालू आहे. सरणाचं लाकूड आणि इतर साहित्य त्यात महापालिका देते. श्रीमंत-गरीब असा त्यात भेद नाही, तेव्हा लाज वाटायचं कारण नाही. कोणी लाकडाचे वेगळे पैसे मागितले तर कशाचे, हे विचारा आणि पावती मागा. विद्युतदाहिनी हवी असेल तर ती कुठल्या अमरधामात चालू आहे, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारा, दुरुस्तीसाठी बंद असण्याचे प्रसंग येतात. माझं मत विचाराल तर विद्युतदाहिनी चांगली. लाकूड वाचतं, पावसाळ्यात ओल्या सरणाचे हाल होत नाहीत आणि अस्थी त्याच दिवशी मिळू शकतात. पण अण्णांच्या किंवा सासूबाईंच्या मनात लाकडाचंच असेल तर त्यावरून घरात वाद नको.

अमरधामात जाताना डॉक्टरांचं प्रमाणपत्र, अण्णांचं आधार आणि अर्ज देणाऱ्याचं आधार, या सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स बरोबर ठेवा. मूळ ४-अ हातातून देण्याआधी मोबाइलवर त्याचा स्पष्ट फोटो काढा. तिथे मिळालेली दहनाची पावती जपा. तिरडीचे बांबू, मडकं, पांढरं कापड, सुतळी, गुलाल असं मयताचं सामान एकत्र देणारी दुकानं आहेत, शेजारच्या जाणत्या माणसाला दुकान ठाऊक असतं. हे काम त्यांच्यावर सोपवा. आपल्याकडे माणसं या वेळी धावून येतात, फक्त त्यांना नेमकं काम सांगावं लागतं.

गावी हलवायचं की नाही, यावर मी थोडं स्पष्ट बोलते. नळी लावलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शेवटच्या दिवसांत गाडीत घालून नेऊ नये. अण्णांनी स्वतः ‘मला गावी न्या’ म्हटलं असेल तर गोष्ट वेगळी, मग डॉक्टरांशी बोलून, रुग्णवाहिकेने, तिथे सांभाळायला कोण आहे ते बघून न्या. त्यांना समजत असेल, हाताने किंवा मानेने खूण करता येत असेल, तर त्यांनाच विचारा. काकांची इच्छा म्हणून नेऊ नका. अग्नी गावी द्यायचा असेल तर तो नंतरही देता येतो, शववाहिका निफाडला जाते.

आणि इथे बहुतेक घरांची गल्लत होते: मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. राहायला कुठे होते, अग्नी कुठे दिला, याचा संबंध नाही. अण्णा हिरावाडीत गेले आणि दहन गावी झालं तरी नोंद नाशिक महापालिकेत. गावी नेल्यावर तिथे गेले तर नोंद त्या ग्रामपंचायतीत, ग्रामसेवकांकडे. देवळाली कॅम्पात मृत्यू झाला तर नोंद तिथल्या कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, महापालिकेकडे नाही. उपचारासाठी मुंबईला नेलं आणि तिथे गेले, तर दाखला मुंबईचा. दहन गावी करणार असाल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र बरोबर न्या आणि तिथल्या स्मशानभूमीच्या दहनाचा दाखला ग्रामपंचायतीकडून घेऊन या, तो पंचवटीत जोडायला लागेल. दफन करणाऱ्या घरांनाही नियम हाच, दहनाच्या जागी दफनाची पावती.

अमरधामच्या वहीत नाव लिहिलं म्हणजे मृत्यूची नोंद झाली असं समजू नका. हॉस्पिटलमध्ये मृत्यू झाला तर कळवण्याची जबाबदारी हॉस्पिटलची. घरी झाला तर कुटुंबप्रमुखाची, आणि ते घरी नसतील तर घरात असलेल्या जवळच्या नातेवाइकाची. म्हणजे सून म्हणून तुम्ही माहिती देऊ शकता, मिस्टरांची वाट बघत बसायची गरज नाही. महापालिकेच्या सहा विभागांपैकी तुमचं पंचवटी विभागीय कार्यालय. तिथल्या जन्म-मृत्यू विभागात ४-अ, दहनाची पावती, दोघांची आधार कार्डं घेऊन जायचं आणि मृत्यूच्या माहितीचा नमुना २ भरायचा. राजीव गांधी भवनला, म्हणजे मुख्यालयात, जायची गरज नाही.

मुदत २१ दिवसांची. तोवर नोंद विनाशुल्क होते. कागदावर २१ दिवस भरपूर वाटतात, पण सुतकात कोणी घराबाहेर पडत नाही आणि तेरावा झाल्यावर हातात आठच दिवस राहतात, त्यात दोन सुट्ट्या येतात. अस्थी सावडून झाल्या की चौथ्या-पाचव्या दिवशी जाऊन या. सुतकात कचेरीत जायला नको वाटत असेल तर तुमची सही केलेला फॉर्म जावयांच्या किंवा भाचरांच्या हाती पाठवता येईल का, ते खिडकीवर विचारून घ्या. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क भरून नोंद होते. ३० दिवसांनंतर जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. तिथपर्यंत गोष्ट गेली की महिने जातात.

नमुना २ भरताना घाई करू नका, सगळ्यात जास्त त्रास इथल्या एका अक्षराचा होतो. अण्णांचं आधार, पेन्शनचा पी.पी.ओ. (पेन्शन मंजुरीचा आदेश), बँकेचं पासबुक आणि सातबारा हे चार कागद आज रात्रीच शेजारी शेजारी ठेवून नाव वाचा. एकावर ‘दत्तात्रय’, दुसऱ्यावर ‘दत्तात्रेय’, सातबाऱ्यावर नुसतं ‘दत्तू’, इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी एक ‘ए’ जास्त, असं आपल्या घरोघरी असतं. दाखल्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं येतात. सासूबाईंची पेन्शन ज्या कागदावर ठरणार त्याच्याशी, म्हणजे पी.पी.ओ.शी, आणि आधारशी जुळणारं नाव द्या. ते दोन कागदच जुळत नसतील तर अण्णा हयात असतानाच पेन्शनच्या कचेरीत काय करता येतं ते विचारा. वडिलांचं नाव, आईचं नाव, कायमचा पत्ता, मृत्यूच्या वेळचा पत्ता असे रकाने असतात. अण्णांच्या आईचं नाव तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर सासूबाईंना विचारून लिहून ठेवा. खिडकीवर उभं राहून ते आठवत नाही. कर्मचाऱ्याने संगणकावर भरलं की छापण्याआधी स्क्रीनवर वाचून दाखवायला सांगा. ते कावले तरी चालेल. नंतर नोंदणी अधिनियमाच्या कलम १५ खाली चूक दुरुस्त होते, पण पुरावे, अर्ज आणि हेलपाटे लागतात.

नोंद आता केंद्राच्या सी.आर.एस. (नागरी नोंदणी) पोर्टलवर होते आणि दाखल्यावर क्यूआर कोड असतो. अधिनियमाच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर नोंद झाल्यापासून सात दिवसांत दाखला देणं अपेक्षित आहे, पहिला विनाशुल्क. याच नावाच्या बनावट वेबसाइट सापडल्या आहेत, तेव्हा पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ नसेल तर तिथे एक अक्षरही भरू नका आणि पैसे तर मुळीच नका. दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं, कायद्यानेच ते छापायचं नाही. विमा कंपनीने कारण मागितलं तर डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची प्रत द्यायची, म्हणून तो मोबाइलवरचा फोटो.

दहाव्याचं आणि अस्थींचं तुम्ही विचारलेलं नाही, पण रामकुंड तुमच्या दाराशी आहे म्हणून थोडं. देशभरातून माणसं अस्थी घेऊन इथे येतात. गांधीजींच्या अस्थीही इथे विसर्जित झाल्या. तुम्हाला प्रवास नाही, पण गर्दी तीच आहे. दशक्रियेसाठी तुमच्या घराचे ठरलेले गुरुजी असतील तर उत्तम, नसतील तर गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, जाऊन विधी, साहित्य आणि दक्षिणा यांचं आधी नीट बोलून घ्या. दुःखात माणूस आकड्यावर बोलत नाही आणि नंतर मन खात राहतं. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटावर पाणी चढतं, तेव्हा सकाळी चौकशी करूनच निघा. सिंहस्थाच्या पर्वणीच्या दिवसांत रामकुंडाकडे गाड्या जाऊ देत नाहीत, वयस्कर सासूबाईंना चालावं लागेल हे धरून चला. अस्थी पात्रात सोडा, पण प्लॅस्टिकची पिशवी, हार, कपडे, औषधं नदीत टाकू नका. गोदावरीने खूप सोसलं आहे.

पेन्शनबद्दल काटेकोर राहा. अण्णा गेल्यावर त्यांच्या खात्यातून ए.टी.एम.ने पैसे काढू नका, खर्चाची कितीही ओढाताण असली तरी. मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन परत द्यावी लागते आणि आधीच काढलेली असेल तर सासूबाईंच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी ती आडवी येते. बँकेला आणि कोषागाराला लगेच कळवा. म्हणून अंत्यविधीच्या आणि तेराव्याच्या खर्चाचे पैसे तुमच्या किंवा मिस्टरांच्या खात्यात आत्ताच वेगळे काढून ठेवा. पी.पी.ओ.वर सासूबाईंचं नाव आणि जन्मतारीख त्यांच्या आधारशी जुळते का, अण्णांच्या बचत खात्याला वारसनोंद, म्हणजे नॉमिनेशन आहे का, हे या आठवड्यात बघा. अण्णांना सही किंवा अंगठा करता येत असेल आणि समजत असेल तर बँकेचा माणूस घरी बोलावून नॉमिनेशन करून घेता येतं. नॉमिनी असेल तर दाव्याचे पूर्ण कागद दिल्यावर बँकेने १५ दिवसांत पैसे देणं अपेक्षित आहे. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नाही. तो पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचा राहतो. नणंदा असतील तर त्यांच्याशी हे आधीच मोकळेपणाने बोला.

गावची जमीन अण्णांच्या नावावर असेल तर वारसनोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायचा, ऑनलाइनही देता येतो. त्यात सगळे वारस लिहायचे, लग्न झालेल्या मुलीसुद्धा. नाव वगळून केलेला फेरफार पुढे कोर्टात जातो. शेअर किंवा मोठ्या ठेवी असतील आणि नॉमिनेशन नसेल तर दिवाणी न्यायालयातून वारस दाखला किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र लागू शकतं. त्याला वकील हवा, त्याची घाई नाही. रेशनकार्ड, मतदार यादी, गॅस, वीजबिल, घरपट्टी ही नावं सावकाश महिन्या-दोन महिन्यांत बदला.

मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती पहिल्याच वेळी आठ-दहा काढून घ्या. कोषागार, बँक, विमा, तलाठी, गॅस, सगळीकडे मूळ प्रत मागतात आणि काही ठिकाणी ठेवून घेतात. एक मस्कतला मिस्टरांच्या कंपनीत रजेच्या कागदांसाठी लागेल. पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. आणि एकही प्रत लॅमिनेट करू नका. काही कचेऱ्यांत लॅमिनेट केलेला दाखला घेत नाहीत, त्यावर शिक्का किंवा शेरा मारता येत नाही.